‘कधी कधी जातं’ : लॅपटॉपचं वायफाय आणि कारणाचा शोध

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला वायफायची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नाही. पण वर्गात जे शिकवत आलो, त्यात ‘कारण’ या एका शब्दाने आमची बरीच वर्षं घेतली. धूर कशामुळे होतो, घडा कशामुळे होतो, एक गोष्ट दुसरीचं कारण आहे असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हे सगळं त्यात आलं. पुस्तकात धूर आणि अग्नी असतात. आज घरोघरी लॅपटॉप आहे आणि त्याचं वायफाय मधूनमधून तुटतं. म्हणून आज धुराच्या जागी वायफाय घेऊ. तर्क तोच राहतो, आणि घरी गेल्यावर काही उपयोगही होतो.

बिघाडाचे दोन प्रकार असतात. एक पूर्ण बिघाड. तार तुटली, दिवा लाल झाला, काहीच चालत नाही. हा सोपा. माणूस येतो, बघतो, जोडून जातो. दुसरा ‘कधी कधी’चा बिघाड. दिवसातून चार वेळा जातं, आपलं आपण येतं. दुरुस्तीचा माणूस दारात आला की व्यवस्थित चालतं. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते ना, तसं. या दुसऱ्या प्रकारात एक वाईट गोष्ट घडते. बिघाड कुणाला दिसत नाही, त्यामुळे संशय सांगणाऱ्या माणसावर जातो.

आमच्या ओळखीचं सावेडीतलं एक घर आहे. त्यांना विचारूनच सांगतो आहोत, नाव सांगत नाही. घरातली सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. मुलगा लहान, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे नगर सोडणं सोपं नाही. मीटिंग चालू असताना तिचा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं, कधी पूर्ण बाहेर पडायची. इंटरनेटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाला, ‘आमची लाईन क्लिअर आहे.’ ऑफिसने लॅपटॉप मागवून तपासला, म्हणाले, ‘लॅपटॉप ठीक आहे, तुमचं नेट खराब.’ घरात सगळे म्हणायचे, ‘आमचा मोबाईल तर चालतो.’ आणि एक दिवस वरिष्ठांची मेल आली, की असंच चालणार असेल तर पुढच्या महिन्यापासून रोज पुण्याच्या ऑफिसला यावं लागेल. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं नव्हतं, पण सूर असा होता की नेटची सबब आहे.

आता गंमत बघा. यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. लाईन ठीक होती, लॅपटॉप ठीक होता, मोबाईल चालत होता, आणि तिचं वायफाय तुटतही होतं. चारही विधानं खरी. मग गोंधळ कुठे आहे? गोंधळ ‘वायफाय गेलं’ या वाक्यात आहे.

‘वायफाय गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचं अंतर हवेतून, लहरींनी पार होतं. खरं म्हणजे तेवढंच वायफाय. राउटरपासून पुढे कंपनीपर्यंत फायबर किंवा तार. तिथून पुढे सगळं जग. या शेवटच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट येते. आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो, त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी एक सेवा असते, तिला डीएनएस म्हणतात. टेलिफोनची डिरेक्टरी समजा. डिरेक्टरी हरवली तर फोनची तार शाबूत असूनही आपल्याला कुणाला फोन लावता येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘का तुटलं’ हा नाही. पहिला प्रश्न ‘कुठे तुटलं’ हा आहे.

हे कळायला एक साधं साधन लॅपटॉपमध्येच असतं. त्याचं नाव पिंग. विहिरीत खडा टाकून आवाज ऐकावा तसं ते आहे. एक छोटा निरोप पाठवायचा आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं, ते बघायचं. (इथे पडद्यावर आदेश दाखवला.) अशा दोन खिडक्या उघडा. एकीत घरातल्या राउटरचा पत्ता द्या. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. मोबाईलमध्ये वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो दिसतो तो आपला. दुसरीत बाहेरचा एखादा पत्ता द्या, उदाहरणार्थ ८.८.८.८, हा गूगलच्या डीएनएस सेवेचा आहे. विंडोजमध्ये आदेशाच्या शेवटी वजाचं चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की चार निरोपांवर न थांबता ते चालू राहतं. दोन्ही खिडक्या चालू ठेवून आपलं काम करत राहा. तुटलं की त्यांच्याकडे बघा. राउटरचंच उत्तर बंद झालं असेल तर दुखणं घरात आहे, हवेतल्या टप्प्यात किंवा त्या राउटरमध्येच. राउटर उत्तर देतो आहे पण बाहेरचा गप्प आहे, तर दुखणं कंपनीच्या बाजूला. दोघंही उत्तर देतायत आणि तरी पान उघडत नाही, तर डिरेक्टरीवर संशय घ्या. एवढ्या एका गोष्टीने निम्मी भांडणं मिटतात.

दुसरं साधन त्याहून जुनं आहे, वही. तुटलं की वेळ लिहायची, किती वेळ गेलं ते लिहायचं, घरातल्या बाकीच्या यंत्रांचंही गेलं का, आपण कुठे बसलो होतो, लॅपटॉपला काय काय जोडलेलं होतं, हे लिहायचं. आणि जेव्हा तुटलं नाही तेही लिहायचं. लोक इथेच चुकतात. आपल्याला तुटलेलं आठवतं, चाललेलं आठवत नाही. मंगळवारी दिवसभर वरच्या खोलीत बसूनही काही झालं नाही, ही नोंद दहा वेळा तुटल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते. का, ते पुढे येईल. विंडोज स्वतःसुद्धा अशी वही ठेवत असतं. एक आदेश दिला की गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं गेलं, कधी तुटलं, यंत्राच्या मते कशामुळे तुटलं, याचा तक्ता तयार होतो. (हाही आदेश पडद्यावर दाखवला.) सावेडीच्या घरी आम्ही सांगितलं, नऊ दिवस काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त लिहायचं. सासऱ्यांनी खालच्या मजल्याची जबाबदारी घेतली. दुधाचा हिशेब लिहितात त्या दिनदर्शिकेच्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात वेळा टिपल्या.

आता लहरींकडे येऊ, कारण घर कसं बांधलंय यावर बरंच अवलंबून असतं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. दुसरीची त्याच्या निम्मी, दोन-तीन बोटं. लांब लहर भिंतीतून जरा बरी पार होते, आखूड लहर जास्त वेगाने माहिती नेते पण भिंतीशी लवकर थकते. नगरच्या जुन्या गावात, माळीवाड्यात, झेंडीगेटकडे, दगडी आणि पांढऱ्या मातीच्या हात-हात रुंद भिंतींचे वाडे अजून आहेत. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत लहरींना अडवते. नव्या घरांत भिंती पातळ आहेत पण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी आहे. धातू तर लहर परतवूनच लावतो. डासांसाठी खिडकीला लावलेली तारेची जाळी आपल्याला आरपार दिसते, पण अर्ध्या वितीच्या लहरीला ती जवळपास भिंतच. आणि राउटर आपण कुठे ठेवतो? जिथून तार घरात आली तिथे, बहुधा टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. कपाटाच्या पलीकडच्या खोलीत मग अंधार.

लहरीची ताकद डीबीएम नावाच्या मापात मोजतात आणि आकडा वजा असतो. वजा ५० म्हणजे उत्तम, वजा ६७च्या आसपास असेल तर मीटिंग बरी चालते, वजा ८० म्हणजे जेमतेम. यात एक फसगत आहे. हे माप साधं चढतं नाही. दर दहाला दहापट. वजा ५० आणि वजा ८० यांत तीसचा फरक दिसतो, पण ताकद हजारपट कमी झालेली असते. मोबाईलवर हा आकडा दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. एकदा घरभर फिरून बघा, आपल्याच घराचा एक निराळा नकाशा कळतो.

आणखी एक. २.४ची पट्टी म्हणजे गायरान आहे. भारतात २००५ साली ती घरगुती वापराला परवान्याशिवाय मोकळी झाली, ५च्या पट्टीतला मोठा भाग २०१८ साली. गायरानात कुणाचीही गुरं चरतात. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची हेडफोनं, बिनतारी माऊस, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा. ओव्हन त्याच सुमारास, २.४५ला, अन्न गरम करतो. वेगवेगळे चॅनल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे १, ६ आणि ११ असे तीनच. अपार्टमेंटमध्ये वीस राउटर असले की गायरानात दाटी होणारच.

इथवर शास्त्र झालं. आता कारण कसं ठरवायचं?

आपली सवय कशी असते? नेट गेलं, राउटर बंद करून चालू केला, नेट आलं. लगेच निष्कर्ष, राउटर खराब. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. अहो, ते दोन मिनिटांत आपोआप येणारच होतं! राउटर चालू व्हायलाही दोन मिनिटं लागतात. शिवाय बंद-चालू करताना एकाच वेळी दहा गोष्टी बदलतात. चॅनल बदलू शकतो, पत्ते नव्याने वाटले जातात, राउटर थंड होतो, कंपनीशी नवी जोडणी होते. गुण आला तरी कोणत्या औषधाने आला हे कळत नाही. बंद-चालू करू नका असं आमचं म्हणणं नाही, काम अडलं असेल तर जरूर करा. फक्त ते निदान नव्हे.

न्यायशास्त्रात यासाठी अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी आहे. हे असेल तेव्हा ते असतं, हा अन्वय. हे नसेल तेव्हा तेही नसतं, हा व्यतिरेक. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास हीच रीत पद्धतशीर मांडली. आपण बहुतेक सगळे अन्वयावर थांबतो. ‘मी वरच्या खोलीत बसले की तुटतं.’ ठीक. पण न तुटलेल्या वेळांची नोंद नसेल तर व्यतिरेक कशावर तपासणार? म्हणून त्या रिकाम्या नोंदी लागतात. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खोलीही बदलली, चार्जरही बदलला, चॅनलही बदलला, तर काहीच सिद्ध होत नाही.

नुसत्या जोडीनेही भागत नाही कधी कधी. याचं एक सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. पार्क्स इथे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या १९९८पासूनच्या नोंदींत अधूनमधून एक विचित्र, क्षणभराचा संदेश सापडायचा. आकाशातून यावा तसाच, पण दुर्बिणीला सगळीकडून एकदम ऐकू यायचा, म्हणजे जवळचा काहीतरी असणार. शास्त्रज्ञांनी त्याला पेरिटॉन नाव दिलं. आणि तो बहुतेकदा दुपारच्या जेवणाच्या वेळेच्या आसपास यायचा! २०१५च्या जानेवारीत असे तीन संदेश आले, आणि नव्याने बसवलेल्या उपकरणाने त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झवरही गडबड टिपली. म्हणजे संशय सरळ मायक्रोवेव्ह ओव्हनवर. त्यांनी ओव्हनमध्ये पाण्याचा कप ठेवून तो वेळ संपेपर्यंत चालवला. काहीच नाही. एखादा थकला असता आणि ओव्हनला निर्दोष सोडून दिलं असतं. पण मग कुणीतरी ओव्हन चालू असतानाच दार उघडलं. संदेश आला! ओव्हन बंद होण्याच्या त्या क्षणी, उघड्या दारातून, लहर बाहेर निसटत होती. त्यातही दुर्बिणीचं तोंड ठरावीक बाजूला असावं लागे. ओव्हन, घाईने उघडलेलं दार आणि दुर्बिणीची दिशा, तिन्ही जुळले तरच. जगभरातल्या रेडिओ दुर्बिणींना ही डोकेदुखी असते. आपल्या पारनेर-संगमनेरच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथल्या शास्त्रज्ञांनाही माणसांनी तयार केलेल्या अशा गोंगाटाचा माग काढत राहावं लागतं.

या ‘तिन्ही जुळले तरच’ला न्यायशास्त्रात नाव आहे, उपाधी. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी असायचा. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे खरं. पण अग्नी असेल तिथे धूर असतो का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कधी येतो? इंधन ओलं असेल तेव्हा. ओलं लाकूड ही उपाधी. चुलीपाशी बसलेल्या कुठल्याही बाईला हे अन्नंभट्टाआधी ठाऊक होतं, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की ‘कधी कधी’चा बिघाड म्हणजे बहुतेक वेळा लपलेली उपाधी असते. एकटी कोणतीच गोष्ट दोषी नसते, म्हणून ज्याला त्याला आपलं यंत्र निर्दोष दिसतं.

आता सावेडीला परत जाऊ. नऊ दिवसांची वही आणि दिनदर्शिकेचे चौकोन शेजारी ठेवल्यावर पहिली गोष्ट ही दिसली, की तुटणं एका प्रकारचं नव्हतंच. दोन वेगळे बिघाड एकाच नावाखाली नांदत होते. काही वेळा दोन-तीन मिनिटं जायचं आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांचंच जायचं, टीव्हीचंसुद्धा. बाकीच्या वेळा दहा-वीस सेकंद, आणि फक्त तिच्या लॅपटॉपचं. पिंगच्या खिडकीत दोन्ही प्रकारांत राउटरचंच उत्तर बंद झालेलं. म्हणजे कंपनीचा माणूस म्हणाला ते खरं होतं, लाईन ठीक होती.

पहिल्या प्रकाराचं उत्तर सासऱ्यांच्या चौकोनात होतं. त्या प्रत्येक वेळेसमोर त्यांनी लिहिलं होतं, ‘लाईट गेली’ किंवा ‘लाईट आली’. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर त्याच्यावरच आहे, पंखा थांबत नाही, दिवा जेमतेम लुकलुकतो. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण घरगुती इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर जायला काही क्षण लागतात. पंखा तेवढा वेळ आपल्या गतीने फिरत राहतो, राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून नव्याने सुरू होतो. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यांचा नॉर्मलवर होता. यूपीएसवर केला की अदलाबदल लवकर होते. केला, आणि मुद्दाम दोन-तीनदा इन्व्हर्टरकडे येणारी वीज बंद करून पाहिली. राउटर चालू राहिला. पुन्हा नॉर्मलवर नेऊन पाहिलं, राउटर बंद पडला. हा व्यतिरेक. एक सावधगिरी सांगायला हवी. यूपीएसच्या स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत जास्त काटेकोर असतो, दाब थोडा खाली आला तरी बॅटरीवर जातो. ज्या गावात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दाब पडतो, तिथे बॅटरीला हे सोसणार नाही. तिथे फक्त राउटरपुरता लहान यूपीएस घेतलेला बरा.

दुसरा प्रकार जास्त अवघड होता. दहा-वीस सेकंदांचे सगळे तुटवडे वरच्या खोलीतले. घरातल्यांचा निकाल तयार होता, ‘वर रेंजच नाही.’ आकडा मोजला, वजा ७२च्या आसपास, तोही २.४वर. ५ची लहर स्लॅबमधून इतकी क्षीण व्हायची की लॅपटॉप ती सोडून २.४वर यायचा. अशक्त, पण तुटण्याइतकी वाईट स्थिती नव्हे. आणि तिचा मोबाईल त्याच खोलीत व्यवस्थित चालायचा. मग तिने सहज सांगितलं, की तेव्हाच माऊसही अडखळतो, सेल संपत आले असतील. सेल नवे होते. आम्हाला हा दुसरा साक्षीदार वाटला. बिनतारी माऊसही २.४च्याच गायरानात चरतो. म्हणजे लॅपटॉपच्या अगदी जवळ काहीतरी गोंगाट करतंय.

टेबलावर काय होतं? मोठा पडदा आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडायला एक हब, लॅपटॉपला खेटून ठेवलेला. यूएसबी ३ या प्रकारच्या जोडणीतून माहिती जाताना जो विद्युत गोंगाट होतो तो २.४च्या पट्टीत सांडतो, ही गोष्ट इंटेल कंपनीने २०१२ सालीच लेखी मांडली आहे. तार किंवा हब नीट झाकलेला नसेल तर जवळच्या अँटेनाला काही सुचू देत नाही. हात-दोन हात अंतरावरच्या मोबाईलला त्याचा त्रास नाही. पण अजून हा तर्कच. तपासलं कसं? वही पाहिली तर ती वर बसली की हब जोडलेला असायचा, खाली बसली की नसायचा. खोली आणि हब नेहमी जोडीने यायचे, म्हणून दोष खोलीवर गेला. आता जोडी फोडली. दोन दिवस वर बसायचं, हब काढून. एकदाही तुटलं नाही. मग दोन दिवस खाली, राउटरजवळ, हब जोडून. तरीही नाही, कारण तिथे लॅपटॉप ५च्या पट्टीवर होता. मग पुन्हा वर, हबसकट. पहिल्याच तासात तुटलं. नुसत्या खोलीचा दोष नाही, नुसत्या हबचा नाही. लोखंडाचा गोळा आणि ओलं लाकूड! उपाय साधा होता. एक चांगली, झाकलेली मीटरभर तार घेऊन हब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. पुढे दिवाळीनंतर त्यांनी खालून वर तारच ओढून घेतली, ते उत्तम.

वही, विंडोजचा तक्ता आणि शेवटच्या आठवड्याच्या स्वच्छ नोंदी तिने ऑफिसला पाठवल्या. वरिष्ठांचं उत्तर दोन ओळींचं आलं. पुण्याला रोज जाण्याचा विषय तिथे थांबला. तक्ता नसता तर तिच्या शब्दावर कुणी थांबवला असता का, आम्हाला शंका आहे.

प्रत्येक घरात हेच निघेल असं नाही. इतर नेहमीच्या कारणांकडे झरझर जाऊ. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी वायफायचा भाग मधूनच झोपवतो. बॅटरीवर असताना तुटतं आणि चार्जर लावल्यावर तुटत नाही, असं वहीत दिसलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या गुणधर्मांत जाऊन वीज वाचवण्यासाठी हे बंद करायची परवानगी काढून घ्या. काही लॅपटॉपांत तो पर्याय दिसत नाही, तिथे ऊर्जेच्या सेटिंगमध्ये बघावं. एखाद्या अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून दुखणं सुरू झालं असेल तर ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर नेऊन पाहावा. पडदा मागेपुढे केल्यावर तुटत असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच जा. बहुतेक लॅपटॉपांच्या अँटेना पडद्याभोवती असतात आणि त्यांच्या बारीक तारा बिजागरीतून जातात. आणि एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अगदी घड्याळाच्या काट्यावर, दर तासाला किंवा बरोबर चोवीस तासांनी तुटत असेल, तर भिंतीला आणि शेजाऱ्याला दोष देऊ नका. लहरी इतक्या वक्तशीर नसतात. तिथे कुठलातरी ठरवून दिलेला नियम असतो. राउटरने दिलेल्या पत्त्याची मुदत संपते, नाहीतर ऑफिसची सुरक्षित जोडणी ठरल्या वेळाने पुन्हा ओळख मागते.

आता आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

एका श्रोत्यांनी लिहिलंय, ‘आमचं घर भिंगारच्या बाजूला, लष्कराच्या हद्दीजवळ आहे. त्यांच्या यंत्रणेमुळे होतं का?’ ५च्या पट्टीतले काही चॅनल रडारही वापरतात. त्या चॅनलवर राउटरला रडारची चाहूल घेत राहावं लागतं आणि शंका आली तरी चॅनल सोडावा लागतो. इतकं खरं. पण त्यावरून आपल्या घरी तेच होतंय हे ठरत नाही. राउटर आपोआप चॅनल निवडत असेल तर तो आठवडाभर ३६ ते ४८पैकी एकावर बांधून ठेवा, तिथे ही अट नाही. तुटणं थांबलं तर बोलू. तोवर लष्कराला राहू द्या.

दुसरा प्रश्न, रेंज वाढवणारा डबा, एक्स्टेंडर, घ्यावा का. घ्या, पण जिथे रेंज नाही तिथे तो लावू नका. जिथे रेंज अजून चांगली आहे आणि पुढे कमी होते, अशा मधल्या ठिकाणी लावा. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? साधा एक्स्टेंडर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि मूळ राउटर व एक्स्टेंडर यांचं नाव एकच ठेवलं तर लॅपटॉप कधी कधी दूरच्यालाच चिकटून बसतो, जवळचा असताना. ते एक नवंच ‘कधी कधी’ मागे लागतं. जुन्या वाड्यांत तर आम्ही सरळ तार ओढायला सांगतो. भिंतीला एक भोक पडेल, पण प्रश्न सुटेल.

तिसरा प्रश्न एका ताईंचा आहे. ‘कंपनीला फोन केला की ते राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगतात. मी काय बोलू?’ ताई, ‘नेट सारखं जातं’ असं बोलू नका. त्याला त्यांच्याकडे एकच ठरलेलं उत्तर आहे. असं सांगा : अमुक तारखेला, अमुक वाजता, इतकी मिनिटं गेलं. तेव्हा घरातला राउटर उत्तर देत होता, बाहेरचा पत्ता देत नव्हता. राउटरवरचा एलओएस लिहिलेला दिवा लाल होता किंवा नव्हता. तो लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली, वाकली किंवा सैल झाली, आणि त्यांना माणूस पाठवावाच लागतो. अशा तीन-चार वेळा एकदम सांगा. मग तक्रार क्रमांक मागा, आणि तो लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.